परवानगी मिळाली, आता ऑर्डर हवी

२४ मार्च २००६ रोजी प्रशांत महासागरातल्या ओमेलेक नावाच्या चिमुकल्या बेटावरून एक रॉकेट उडालं. अर्धा मिनिट होतो न होतो तोच इंजिनाला आग लागली आणि ते बेटालगतच कोसळलं. त्यावरचा छोटा उपग्रह बेटावरच्या एका शेडचं छप्पर फोडून खाली आला. स्पेसएक्स या खासगी कंपनीचं हे पहिलं उड्डाण. चौकशीत कारण निघालं ते एका नटाचं. इंधनाच्या नळीवरचा ॲल्युमिनियमचा नट खाऱ्या हवेत गंजून तडकला, केरोसीन गळलं आणि पेटलं. पुढच्या रॉकेटवर त्या जागी स्टेनलेस स्टीलचे नट आले.

नवी मुंबईत रबाळ्याच्या एमआयडीसीत माझा मशीन शॉपचा गाळा आहे. संगणकावर चालणारे दोन सीएनसी लेथ, एक व्हीएमसी म्हणजे तसंच मिलिंग मशीन, एक जुना लेथ आणि नऊ माणसं. ठाण्याची खाडी इथून जवळच. पावसाळ्यात संध्याकाळी पुसून ठेवलेल्या माइल्ड स्टीलच्या जॉबवर तेलाचा हात फिरवायचा राहिला, तर सकाळी त्याच्यावर तांबूस पापुद्रा दिसतो. त्यामुळे त्या नटाची गोष्ट मला कुणी समजावून सांगावी लागली नाही. वाचताना आमचाच कुणीतरी पोरगा घाईत घरी गेला असावा असं वाटलं.

ही कंपनी २००२ साली एलॉन मस्क यांनी काढली. पहिल्या अपयशानंतर मार्च २००७ मध्ये दुसरं उड्डाण फसलं. ऑगस्ट २००८ मध्ये तिसरं. तिसऱ्यात पहिला टप्पा सुटल्यावर त्याच्या इंजिनात थोडा जोर शिल्लक राहिला होता, त्यामुळे तो पुढे सरकून दुसऱ्या टप्प्यावर आदळला. त्यानंतर दोन महिनेही झाले नव्हते, तेव्हा हाताशी असलेल्या सुट्या भागांतून चौथं रॉकेट जोडलं गेलं आणि २८ सप्टेंबर २००८ रोजी ते कक्षेत पोहोचलं. आपल्याकडे ही गोष्ट सांगितली जाते ती बहुतेक इथवरच. एका माणसाने स्वतःचे पैसे पणाला लावले, तीनदा हरला, चौथ्यांदा जिंकला. सरकारी बाबूंना जमलं नाही ते खासगी हिमतीने करून दाखवलं. आमच्या औद्योगिक संघटनेच्या सभेतही मी हे भाषण ऐकलं आहे, आणि टाळ्याही ऐकल्या आहेत.

हिंमत होतीच, ती मी नाकारत नाही. पण माझ्या लेखी या इतिहासातली सर्वांत मोठी तारीख वेगळी आहे: २३ डिसेंबर २००८. त्या दिवशी अमेरिकेच्या नासाने या कंपनीला अवकाश स्थानकापर्यंत सामान पोहोचवण्याच्या १२ फेऱ्यांचं कंत्राट दिलं. किंमत १६० कोटी डॉलर. आणि ज्या रॉकेटने हे सामान जायचं होतं, ते फाल्कन-९, तोवर एकदाही उडालेलं नव्हतं. त्याचं पहिलं उड्डाण झालं ४ जून २०१० रोजी, म्हणजे ऑर्डर मिळाल्यावर दीड वर्षाने. चारपैकी तीन रॉकेटं पडलेल्या कंपनीच्या हातात सरकारने पुढच्या अर्ध्या दशकाचं काम ठेवलं.

आज भारतात खासगी अवकाश कंपन्यांबद्दल जे बोललं जातं, त्यात ही तारीख नसते, आणि म्हणून आपण चुकीची गोष्ट उचलतो आहोत. सरकारने बाजूला व्हावं, दारं उघडावीत, परवानग्या द्याव्यात, मग कंपन्या आपोआप मोठ्या होतील, असं आपण धरून चाललो आहोत. मी पंचवीस वर्षं जॉब वर्क करतो आहे. परवान्यावर गाळा उभा राहिल्याचं मी पाहिलेलं नाही. गाळा उभा राहतो तो पीओवर, म्हणजे हातात आलेल्या लेखी खरेदी-ऑर्डरवर.

नासाने हे कसं केलं ते थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण खरी अक्कल त्या तपशिलात आहे. ऑगस्ट २००६ मध्ये, म्हणजे पहिलं रॉकेट पडल्यावर पाच महिन्यांनी, नासाने दोन कंपन्यांशी करार केले. स्पेसएक्सला २७ कोटी ८० लाख डॉलर, आणि रॉकेटप्लेन किस्लर नावाच्या दुसऱ्या कंपनीला २० कोटी ७० लाख. हा पैसा एकरकमी द्यायचा नव्हता. कामाचे टप्पे ठरले होते. आराखड्याची तपासणी झाली की इतके, इंजिनाची चाचणी झाली की इतके, बाहेरून भांडवल उभं केल्याचा पुरावा दाखवला की इतके. टप्पा पुरा झाला तर पैसे, नाहीतर नाही. खर्च वाढला तर तो कंपनीच्या खिशातून.

त्याआधी मोठ्या अवकाश प्रकल्पांची अमेरिकेतली रीत उलटी होती. कंत्राटदाराने जो खर्च दाखवला तो सरकारने भरायचा आणि वर ठरलेला नफा द्यायचा. अशा करारात काम लांबलं तर कंत्राटदाराचं काय बिघडतं? काहीच नाही. नासाने २०११ साली स्वतःच हिशेब मांडला: फाल्कन-९ जुन्या रीतीने बनवलं असतं तर जवळपास ४०० कोटी डॉलर लागले असते. कंपनीचा प्रत्यक्ष खर्च, छोट्या फाल्कन-१ चा धरूनही, ३९ कोटींच्या आसपास होता. हा फरक खासगी आणि सरकारी यांच्यातला मानला जातो. मला तो दोन प्रकारच्या करारांतला फरक वाटतो, कारण जुन्या रीतीत काम करणारे कंत्राटदारही खासगीच होते.

आणि त्या दुसऱ्या कंपनीचं काय झालं? तिला ठरलेल्या मुदतीत बाहेरून भांडवल उभं करता आलं नाही. ऑक्टोबर २००७ मध्ये नासाने करार संपवला. तोवर ३ कोटी २० लाख डॉलर दिले गेले होते, उरलेले थांबले. फेब्रुवारी २००८ मध्ये तिच्या जागी ऑर्बिटल सायन्सेस ही कंपनी घेतली गेली, आणि डिसेंबरमधल्या त्या मोठ्या कंत्राटात तिलाही ८ फेऱ्या मिळाल्या. सरकार इथे ग्राहकासारखं वागलं. चांगला ग्राहक आमच्या धंद्यातही असाच असतो. तो फिक्स्चरसाठी, म्हणजे जॉब पकडायच्या साच्यासाठी, थोडा ॲडव्हान्स देतो, पहिला पीस तपासून पास करतो, मग लॉटची ऑर्डर सोडतो. काम जमत नसेल तर पहिल्या पीसलाच थांबवतो. तो आमच्यावर मेहेरबानी करत नाही, पण त्याच्यामुळे आम्ही नवं मशीन घ्यायचं धाडस करतो.

आता आपल्याकडे बघू. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने अवकाश क्षेत्र खासगी कंपन्यांना खुलं केलं. परवानग्या आणि देखरेखीसाठी इन-स्पेस ही संस्था उभी राहिली. २०२३ मध्ये अवकाश धोरण आलं, २०२४ मध्ये परकीय गुंतवणुकीचे नियम सैल झाले. हे सगळं योग्यच झालं. १८ नोव्हेंबर २०२२ रोजी हैदराबादच्या स्कायरूटचं विक्रम-एस हे रॉकेट श्रीहरिकोट्याहून उडालं आणि ८९.५ किलोमीटर उंचीवर गेलं. भारतातलं ते पहिलं खासगी रॉकेट. ३० मे २०२४ रोजी चेन्नईच्या अग्निकुलचं रॉकेट उडालं. त्याचं इंजिन त्रिमितीय छपाईने एका अखंड तुकड्यात बनवलेलं होतं. ज्याने आयुष्यभर सांधे, गॅस्केट आणि वेल्डिंगची गळती यांच्याशी झुंज दिली आहे त्याला विचारा, एका तुकड्यातलं इंजिन म्हणजे काय. त्याआधी चार वेळा या कंपनीला उड्डाण पुढे ढकलावं लागलं होतं. घाई न करता चार वेळा मागे फिरणं ही माझ्या मते यशाइतकीच मोठी गोष्ट आहे.

पण ही दोन्ही उड्डाणं कक्षेत जाणारी नव्हती. वर जाऊन खाली येणारी होती. कक्षेत उपग्रह नेऊन सोडायचा, मग वर्षाला पाच-सात वेळा सोडायचा, तो प्रवास याच्या कैकपट महाग आहे. आणि नेमक्या याच टप्प्यावर सरकारची मदत कोणत्या रूपात येते? ऑक्टोबर २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने अवकाश क्षेत्रातल्या नव्या कंपन्यांसाठी १,००० कोटींचा भांडवल निधी मंजूर केला. निधी कंपनीत हिस्सा घेतो, तिला दोन-तीन वर्षांचा श्वास देतो. पण त्यातून तिच्या दारात गिऱ्हाईक येत नाही. मी बँकेत व्हीएमसीच्या कर्जासाठी गेलो होतो तेव्हा मॅनेजरसाहेबांनी माझं भांडवल नंतर विचारलं. आधी विचारलं, ऑर्डर बुक काय आहे?

सरकारला हे कळत नाही असं नाही. उपग्रहांच्या बाबतीत ते बरोबर करतंय, आणि ते मान्य करायला हवं. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये ५२ टेहळणी उपग्रहांच्या योजनेला मंजुरी मिळाली, आणि त्यांतले ३१ खासगी कंपन्यांनी बांधायचे ठरलं. २०२५ मध्ये पृथ्वीचं निरीक्षण करणाऱ्या १२ उपग्रहांचं काम पिक्सेल आणि तिच्या भागीदार कंपन्यांच्या गटाला मिळालं. त्यात गुंतवणूक कंपन्यांची आहे. म्हणजे खरेदीदार होण्याची रीत आपल्याला माहीत आहे. रॉकेटांकडे मात्र आपण अजून परवानगी आणि अनुदान याच नजरेने पाहतो.

दुसऱ्याच्या रॉकेटांचे तर आपण रोख ग्राहक आहोत. नोव्हेंबर २०२४ मध्ये इस्रोचा ४,७०० किलोचा जीसॅट-एन२ हा उपग्रह स्पेसएक्सच्या फाल्कन-९ वरून गेला, कारण त्याला हव्या असलेल्या उंच कक्षेत एवढं वजन नेणं तेव्हा आपल्या सर्वांत मोठ्या रॉकेटलाही शक्य नव्हतं. २५ जून २०२५ रोजी दुपारी बारा वाजून एक मिनिटाने शुभांशू शुक्ला अवकाश स्थानकाकडे निघाले तेही त्याच कंपनीच्या यानातून. त्या मोहिमेवर आपले साडेपाचशे कोटींच्या आसपास रुपये खर्च झाले. त्या दुपारी आमच्या गाळ्यात मशिनं बंद होती. नऊ माणसं एका मोबाइलभोवती उभी होती आणि रॉकेट सुटलं तेव्हा आमच्या टर्नरकाकांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही. तो पैसा वाया गेला असं मला मुळीच म्हणायचं नाही, त्या अनुभवाची गगनयानाला गरज होती. मला एवढंच म्हणायचं आहे की परदेशातल्या खासगी कंपनीकडून ठरल्या किमतीत सेवा विकत घेताना आपलं सरकार अडखळत नाही. तोच हात देशातल्या कंपनीकडे वळताना ‘ऑर्डर’चं ‘अनुदान’ का होतं?

म्हणून माझी मागणी साधी आहे. केंद्र सरकारने पुढच्या पाच वर्षांत छोट्या उपग्रहांची अमुक इतकी प्रक्षेपणं देशी खासगी कंपन्यांकडून घेणार असं आजच जाहीर करावं. किमती आधी ठरवाव्यात. टप्प्याटप्प्याने पैसे द्यावेत, आणि एकदा रॉकेट पडलं म्हणून करार मोडू नये. हवामान, शेती, सागर किनारा, विद्यापीठांचे उपग्रह, कामाला तोटा नाही. ऑर्डर एका कंपनीला देऊ नये, किमान दोघींना द्यावी.

दोन का, याचं उत्तर नासाच्याच अनुभवात आहे. ऑक्टोबर २०१४ मध्ये ऑर्बिटलचं रॉकेट उड्डाणानंतर काही सेकंदांतच फुटलं. जून २०१५ मध्ये स्पेसएक्सचंही फुटलं. दोघींपैकी एकच असती तर स्थानकाचा तो पुरवठा पुरता थांबला असता. माणसं नेण्याचं कंत्राट २०१४ मध्ये दिलं तेव्हा बोइंगला ४२० कोटी डॉलर मिळाले आणि स्पेसएक्सला २६० कोटी. सगळ्यांचा भरवसा बोइंगवर, जुनी आणि अनुभवी म्हणून. प्रत्यक्षात २०२४ मध्ये सुनीता विल्यम्स आणि बुच विल्मोर ज्या बोइंगच्या यानातून गेले ते रिकामं परत आणावं लागलं, आणि मार्च २०२५ मध्ये त्या दोघांना घरी आणलं ते स्पेसएक्सच्या यानाने. सरकारने २०१४ साली ‘अनुभवी तोच बरा’ म्हणून एकालाच काम दिलं असतं तर?

आता एक गोष्ट, जी दिल्लीत बसून दिसत नाही आणि रबाळ्यात रोज दिसते. वरच्या कंपनीला ऑर्डर मिळाली म्हणजे खालच्या गाळ्यापर्यंत ती पोहोचतेच असं नाही. आणि पोहोचली तरी तिच्यासोबत पैसा पोहोचेल याची खात्री नाही.

२०१५ च्या त्या अपघाताचा अहवाल मी दोनदा वाचला. फाल्कन-९ च्या दुसऱ्या टप्प्यातल्या ऑक्सिजनच्या टाकीत हेलियमची बाटली धरून ठेवणारा एक आधार तुटला. नासाच्या स्वतंत्र चौकशीत निघालं ते असं: त्या आधाराचा रॉड एंड, म्हणजे टोकाचा जोडभाग, १७-४ पीएच जातीच्या स्टेनलेस स्टीलचा, ओतीव, औद्योगिक दर्जाचा होता. विमान-अवकाश दर्जाचा नव्हता. तो अतिथंड तापमानात, सगळा भार जिथे येतो तिथे वापरला, आणि वेगळी तपासणी केली नाही. बनवणाऱ्याने भाराच्या चौपट क्षमता धरून वापरा असं सुचवलं होतं, तेही पाळलं नाही.

१७-४ पीएच आमच्या रोजच्या ओळखीचं. टर्निंगला चिवट, टूलची धार (इन्सर्ट) खाणारं. हार्डनिंग केल्यावर किंचित आकसतं, म्हणून तेवढं माप सोडून काढावं लागतं. नवा माणूस हे विसरतो आणि अख्खा लॉट रिजेक्ट होतो. अशा धातूचा विमान-अवकाश दर्जाचा पीस आणि बाजारातला पीस डोळ्यांना सारखेच दिसतात. फरक असतो तो कागदात आणि तपासणीत: कोणत्या हीट नंबरच्या, म्हणजे धातूच्या कोणत्या घाण्यातल्या सळीतून निघाला, टेस्ट सर्टिफिकेट कुठलं, भट्टीत किती वेळ होता, चिरा शोधणारी तपासणी झाली का, प्रत्येक माप कुणी घेतलं आणि कोणत्या यंत्रावर. हा कागद महाग असतो. कित्येकदा पीसपेक्षा महाग. सर्वांत कमी दर भरणाऱ्याला काम देण्याची जी आपली निविदेची रीत आहे, तिच्यात सर्वांत आधी कापला जातो तो हाच कागद. रस्त्याच्या कठड्याला ते एक वेळ चालेल. रॉकेटला चालणार नाही. तेव्हा ऑर्डर देताना तपासणीचा खर्च दरातून वेगळा काढून तो थेट मोजून द्यायला हवा. आणि ज्या चाचण्यांसाठी आम्हाला पुणे, बेंगळुरू किंवा अहमदाबाद गाठावं लागतं, त्यांचं सामाईक केंद्र या ठाणे-बेलापूर पट्ट्यात हवं. मोजमापाची मोठी यंत्रं, कंपन चाचणी, उष्णता आणि निर्वाताची चाचणी. एकट्या गाळेवाल्याला ती परवडत नाहीत. पन्नास गाळ्यांनी भाड्याने वापरली तर परवडतात.

दुसरं दुखणं पेमेंटचं. २००६ च्या कायद्यानुसार लघुउद्योगाचे पैसे ४५ दिवसांत द्यायला हवेत. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. २०२४ च्या एप्रिलपासून प्राप्तिकरातही तरतूद आली की, मुदतीत पैसे न देणाऱ्याला त्या वर्षी तो खर्च दाखवता येत नाही. कागदावर आमच्याइतकं सुरक्षित कुणी नाही. प्रत्यक्षात गेल्या वर्षी एका मोठ्या कंपनीकडे माझे सात महिने पैसे अडकले होते. अचूक मापाचं काम होतं, एकही पीस परत आला नव्हता. चलानांवर त्यांच्या सह्या होत्या. तक्रार केली असती तर व्याज कदाचित मिळालं असतं, पुढची ऑर्डर नक्की गेली असती. मी बायकोचे दागिने गहाण ठेवून दोन महिन्यांचे पगार केले. या पट्ट्यात ही गोष्ट नवी नाही, कुठल्याही गल्लीत विचारा. सरकार जर अवकाश कंपन्यांचं मोठं ग्राहक होणार असेल, तर करारातच लिहावं की, खालच्या पुरवठादाराचे पैसे चुकते झाल्याचा दाखला जोडल्याशिवाय पुढच्या टप्प्याचा हप्ता सुटणार नाही. नासाच्या टप्प्यांत भांडवलाचा पुरावा होता. आपल्या टप्प्यांत हा पुरावा असू द्या.

माझ्या एका मित्राचा यावर सडेतोड आक्षेप आहे. तो कळव्याला शिक्षक आहे. त्याचं म्हणणं, शाळेचं छप्पर गळतंय आणि तू खासगी कंपन्यांच्या रॉकेटांना जनतेचा पैसा द्यायला सांगतोस. हा आक्षेप मी झटकून टाकणार नाही. पण केंद्राच्या अवकाश विभागाचा वर्षाचा अर्थसंकल्प सुमारे १३ हजार कोटींचा आहे, आणि मी त्यात भर घालायला सांगत नाही. त्यातलं जे काम इस्रोने आता स्वतः करायची गरज उरलेली नाही, ते ठरल्या किमतीत बाहेर द्या, एवढंच. इस्रोच्या पीएसएलव्ही या रॉकेटचं पहिलं उड्डाण १९९३ मध्ये फसलं, १९९४ मध्ये यशस्वी झालं, आणि तीस वर्षांत ते आपलं भरवशाचं वाहन झालं. २०२२ मध्ये पाच पीएसएलव्ही बांधण्याचं ८६० कोटींचं कंत्राट एचएएल (हिंदुस्थान एरोनॉटिक्स) ही सरकारी कंपनी आणि खासगी एल अँड टी यांना दिलं गेलं. २०२५ मध्ये एसएसएलव्ही या छोट्या रॉकेटचं तंत्रज्ञान ५११ कोटींच्या बोलीवर एचएएलकडे गेलं. इस्रोच्या शास्त्रज्ञांनी तेच ते रॉकेट वर्षानुवर्षं जोडत बसण्यापेक्षा नवं काहीतरी करावं, हे तर इस्रोलाही हवं आहे.

मला स्वतःला जास्त बोचणारा प्रश्न दुसरा आहे. ज्या कंपनीचं उदाहरण मी देतो आहे, ती आज किती मोठी झाली आहे बघा. हजारो उपग्रह तिचे आहेत, आणि युक्रेनच्या युद्धात एका देशाच्या सैन्याचं दळणवळण तिच्या सेवेवर अवलंबून राहिलं. एका माणसाच्या मर्जीवर इतकं काही असणं धोक्याचं आहे, आणि सरकारी ऑर्डरनेच ती कंपनी वाढली हे खरं असेल तर हा धोकाही सरकारनेच वाढवला. मी दोन कंपन्यांचा आग्रह धरतो त्याचं हेही कारण आहे. पण तेवढं पुरत नाही. कायदा लागतो.

आंतरराष्ट्रीय नियम असा की, खासगी कंपनीने सोडलेल्या वस्तूने दुसऱ्या देशाचं नुकसान केलं तरी भरपाई द्यायची ती सरकारने. १९६७ चा अवकाश करार आणि १९७२ चा दायित्व करार तसं सांगतात. १९७८ मध्ये सोव्हिएत संघाचा अणुभट्टी असलेला उपग्रह कॅनडात कोसळला, तेव्हा सोव्हिएत सरकारने ३० लाख कॅनेडियन डॉलर मोजले. उद्या आपल्या एखाद्या कंपनीचं रॉकेट भरकटलं तर बिल तुमच्या-माझ्या नावाने येणार. मग कंपनीने किती विमा काढायचा, किती भार उचलायचा, परवाना कोणत्या कारणाने रद्द होणार, हे संसदेच्या कायद्याने ठरायला हवं. अवकाश कायद्याचा मसुदा २०१७ मध्ये लोकांसमोर ठेवला होता. तो अजून कायदा झालेला नाही. इन-स्पेस धोरण आणि मार्गदर्शक नियमांवर चालते आहे. बंद दाराआडच्या करारांचं काय होतं हे इस्रोची व्यापारी कंपनी अँट्रिक्स आणि देवास ही खासगी कंपनी यांच्या प्रकरणात आपण बघितलं: २००५ चा करार, २०११ मध्ये रद्द, आणि मग देशोदेशींच्या न्यायालयांत वर्षानुवर्षं खटले.

या बाबतीत नवी मुंबईला शिकवायची गरज नाही. सार्वजनिक हितासाठी म्हणून इथल्या आगरी-कोळी, शेतकरी कुटुंबांच्या जमिनी घेतल्या गेल्या. १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात पाच जणांनी प्राण दिले, तेव्हा कुठे साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क लेखी आला. न्हावा-शेव्याचं बंदर सरकारने बांधलं, १९८९ मध्ये ते सुरू झालं, आणि दहा वर्षांनी तिथे पहिलं खासगी टर्मिनल आलं. ठराविक मुदत, ठरलेला मोबदला, सगळं करारात. धक्का जनतेचा, क्रेन कंपनीची. अवकाशातही तसंच असू दे. तामिळनाडूत कुलशेखरपट्टणमला छोट्या रॉकेटांसाठी सरकार नवं प्रक्षेपण केंद्र बांधतं आहे. श्रीहरिकोट्याहून दक्षिणेला जाताना श्रीलंकेला वळसा घालावा लागतो आणि त्या वळशात छोट्या रॉकेटची बरीच ताकद खर्च होते, ते तिथून वाचेल. जनतेच्या पैशाने बांधलेल्या त्या केंद्रावरून, इस्रोच्या साठ वर्षांच्या ज्ञानावर उभी राहून जी कंपनी उद्या मोठी होईल, तिने आपत्तीच्या वेळी उपग्रहांची माहिती मोफत द्यायची की नाही, सरकारी प्रक्षेपणाला अग्रक्रम द्यायचा की नाही, हे आज लिहून घ्या. कंपनी लहान असताना लिहून घेता येतं.

माझी घाई का, तेही सांगतो. १९६२ मध्ये एमआयडीसीची सुरुवात ठाण्याच्या वागळे इस्टेटमधून झाली. आज तिथून जाताना कारखान्याच्या जागी काचेच्या इमारती दिसतात. महापे, रबाळे, ऐरोलीत डेटा सेंटरं उभी राहत आहेत. खाडीपलीकडे विक्रोळीला गोदरेजच्या कारखान्यात इस्रोच्या रॉकेटांसाठी ‘विकास’ नावाची इंजिनं बनली. म्हणजे हे काम करणारे हात या परिसरात होते आणि अजून थोडे आहेत. आमचे टर्नरकाका वागळेतला कारखाना बंद पडल्यावर माझ्याकडे आले. कापताना निघणाऱ्या चिपचा (किसाचा) रंग बघून टूल किती चालेल ते सांगतात. त्यांच्या हाताखाली मी आयटीआय झालेला एक मुलगा दिला होता. दीड वर्षात तो दहा मायक्रॉनपर्यंतचं काम एकट्याने काढायला लागला. काकांनी त्याला स्वतःचा मायक्रोमीटर दिला होता, जो ते कुणाला हात लावू देत नाहीत.

दिवाळीनंतर तो भिवंडीच्या एका गोदामात नोकरीला लागला. पगार इथल्याइतकाच, पण करार तीन वर्षांचा. जाताना त्याने मायक्रोमीटर पुसून, तेल लावून डबीत ठेवला आणि मला विचारलं, साहेब, थांबलो तर पुढच्या वर्षी काम असेल ना? माझ्याकडे मार्चपर्यंतच्या ऑर्डरी होत्या. मी त्याला तेवढंच सांगितलं.